चाचणीआधीची निरवानिरव

मी, शिंपीकाम करणाऱ्या आईबाबांची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. भीती वाटते आहे, पण बुद्धी शाबूत आहे.

माझ्या मूत्रपिंडांचा आजार औषधांना पुरेशी दाद देत नाही. उद्यापासून मी नव्या औषधाच्या चाचणीत आहे. जुन्या गोळ्या चालूच राहतील. सोबतची नवी गोळी खरी की बिनऔषधाची, हे सोडतीने ठरेल. ते मलाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. मी बरी होईनच, असे कुणीही सांगितलेले नाही.

१. माझे टेबल धाकट्या बहिणीला. बाबांनी त्यावर कापड बेतू नये.

२. सायकल बाबांना. ब्रेक लागत नाहीत, हे एकदा तरी खरे मानावे.

३. लोकरी शाल आत्याला. "एवढं शिकलीस आणि शेवटी उंदीर व्हायला निघालीस!" असे ती चारचौघांत म्हणाली. आत्या, उंदराला कुणी विचारत नाही गं. मला सगळे धोके समजावून विचारले, आणि मी कधीही मधूनच बाहेर पडू शकते.

४. माझे रक्ताचे नमुने आणि नोंदी, मी असो वा नसो, संशोधकांकडेच राहाव्यात. खरी गोळी मिळावी, हा लोभ मला आहेच. पण आजवर ज्या गोळ्यांवर मी तगले, त्याही आधी कुणीतरी घेऊन पाहिल्या होत्या.

५. रुग्णालयात डबा फक्त बहिणीने आणावा. आईने मागे माझ्या दुधात कुठल्याशा मुळीची पूड कालवली. "दोन्हींतलं एक तरी लागू पडेल की!" मी डॉक्टरांना सांगितले, तपासण्या पुन्हा झाल्या, चाचणी लांबली. मग तिने नर्सबाईंना गाठले. "ताई, माझ्या पोरीला तेवढी खरी गोळी द्या हो." नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, मलाच माहीत नाही." आई अजून म्हणते, "माहीत असणार, सांगत नाहीत."

६. आईला काय द्यावे, हे सुचेना. तिलाच विचारले, "तुझ्यासाठी काय ठेवू?"

शिवण न थांबवता म्हणाली, "तू राहा. बाकी काही नको."

हे कलमात बसवता येईना. तिच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे.

साक्षीदार: शेजारचे औषधविक्रेते काका, कॉलेजातल्या ग्रंथपाल बाई. दोघांनी माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर.
दिनांक: भरती होण्याच्या आधीचा दिवस.

सही: थोरली