दुधाच्या पिशवीमागचा माणूस

१४ सप्टेंबर

ती. दादास,

सप्रेम नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी मजेत. इस्पितळातलं फोनवरचं काम नेहमीसारखंच. लोक माझ्या कानाशी भांडतात आणि मी गोड बोलून त्यांना चौथ्या मजल्यावर धाडते.

परवा आम्हा न दिसणाऱ्यांना मोबाइल शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "प्रत्येक ॲपची सेटिंग्ज शेवटपर्यंत ऐका." बाकीच्यांनी जांभया दिल्या. मी ऐकलं. वस्तू ओळखून सांगणाऱ्या त्या ॲपमध्ये आवाज आला, "सर्व फोटो आपोआप पाठवले जातात: दादा."

मी एकटी राहायला आले तेव्हा ते ॲप तूच घालून दिलंस. काळजीपोटीच, ते कळतं मला. पण सांगायचं राहून गेलं की सांगायचंच नव्हतं, ते तुझं तुला ठाऊक.

घरी येऊन जुने फोटो एकेक ऐकले. एरवी ॲप मी विचारेन तेवढंच सांगतं, या वेळी अख्खा फोटो सांगायला लावला. मी आपली मुदत बघायला दुधाची पिशवी धरलेली, आणि ॲप सांगतंय, "मागे दाढीवाला पुरुष कांदा चिरत आहे." मोज्यांचा रंग विचारला, तर मागे तोच, स्टुलावर चढून दिवा बदलतोय. चार महिने, दादा. मला वाटायचं, मी पुढे धरते तेवढंच कॅमेऱ्याला दिसतं.

म्हणजे दर रविवारी तू फोनवर "एकटीच ना गं?" विचारायचास, मी "मग काय, एकटीच" अशी थाप ठोकायचे, आणि तुला सगळं आधीच माहीत. खोटं बोलले याची लाज वाटते. तू गुपचूप पाहत राहिलास याचा राग येतो. दोन्ही एकदम येतं, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

तो घड्याळं दुरुस्त करतो. इस्पितळासमोरच दुकान आहे. माझं बोलणारं घड्याळ मुकं झालं होतं, तिथून ओळख. फोटोंचं सांगितलं तर आधी म्हणाला, "एखाद्यात मी बनियनवर नाही ना?" म्हटलं, सातांत आहेस. तेव्हापासून माझ्या घरात तो इस्त्रीच्या शर्टात कांदा चिरतो.

फोटो पाठवणं मी बंद केलंय. ॲप बिघडलं समजून दुरुस्त करायला धावू नकोस.

सव्वीस तारखेला आम्ही लग्नाची नोंदणी करतोय. माझ्या बाजूने सही करायला एक माणूस लागतो. तुझ्याशिवाय कुणाला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

येशील तेव्हा बेल वाजव. दार मी उघडेन.

वाट पाहणारी, अजून थोडी रागावलेली,
तुझी धाकटी