चिमणीचा ऑफसाइड गोल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे. राहिलेला भेटीत घालीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींना कानाचं यंत्र बसवल्याचं कळलं. इतकी वर्षं जे सुखाने ऐकू येत नव्हतं ते सगळं आता ऐकावं लागणार, तेव्हा त्यांना माझ्याकडून धीर दे. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त आपली चिमणी माझ्याशी बोलत नाही. जेवताना मीठ माझ्यासमोर असलं तरी ते सुनेमार्फत मागते, आणि अगदीच नाइलाज झाला तर मला 'पंचकाका' म्हणते. सहा वर्षांच्या नातीने सख्ख्या आजोबाला पंचकाका म्हणावं, हे कसं घडलं ते सविस्तर लिहितो. तू जन्मभर शिक्षिका होतीस, तेव्हा वाचताना लाल पेन जरा लांब ठेव.

जन्मभर लोकांच्या कंबरा मोजणाऱ्या शिंप्याला फुटबॉलचा पंच कुणी केला, असं तू विचारशील. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. रविवारी चिमुरड्यांचे सामने त्याच भरवतात. माझी दाढ कोरता कोरता त्या म्हणाल्या, तुम्ही काटेकोर माणूस, पंच व्हाल ना? तोंडात यंत्र असताना नकार देऊन बघ एकदा. तिथून निघालो तो गळ्यात शिट्टी आणि गालात कापूस घेऊनच. आता घेतलं काम चोख व्हायला हवं, म्हणून नियम शिकायला आमच्या न्हाव्याकडे गेलो. तो टीव्हीवरचे मोठमोठे सामने रात्र रात्र जागून बघतो (आणि सकाळी गिऱ्हाइकांच्या गालांवर त्याचे परिणाम दिसतात). त्याने कंगव्याला गोलकीपर केलं, पावडरच्या डब्याला बचावपटू, आणि ऑफसाइडचा नियम समजावला. चेंडू पुढे मारला जातो त्या क्षणी आपला खेळाडू पावडरच्या डब्याच्या पलीकडे, कंगव्याच्या जवळ नुसता उभा असला, तरी त्याचा गोल धरायचा नाही. माझी अर्धीच दाढी झाली होती, त्यामुळे उठून जाता येईना. नियम मात्र पक्का पाठ झाला.

आता सहा वर्षांची पोरं फुटबॉल कशी खेळतात ते तू बघायला हवंस. गुळाला मुंगळे लागावेत तशी सगळी चेंडूला लागतात. चेंडू निसटला की ज्याच्या पायाशी जाईल तो एकटाच मोकळा, म्हणजे न्हाव्याच्या हिशेबाने गुन्हेगार. मी शिट्टी वाजवायचो, खिशातून टेप काढून अंतर मोजायचो आणि गोल रद्द करायचो. दोन्हीकडचे, कुणाचा मुलाहिजा न ठेवता. माझ्या कारकिर्दीतले सगळे सामने शून्य-शून्य सुटले. आईबापांमध्ये माझ्या निःपक्षपातीपणाचा बोलबाला झाला. एक वकील बाप तर शेजारच्याला ऑफसाइड समजावून सांगू लागला. (त्याने सांगितलेला नियम माझ्यापेक्षा वेगळा होता. मी टेप गुंडाळू लागलो.)

मग तो रविवार आला. चिमणी घोळक्यात नव्हती. कुंपणावर एक मांजर बसलं होतं, ते बघत ती समोरच्यांच्या गोलपाशी उभी होती. गोलकीपरही तेच मांजर बघत होता. कुणीतरी चेंडू भिरकावला, तो तिच्या पायाशी आला, तिने लाथ मारली आणि गोल झाला. तिच्या आयुष्यातला पहिला. मी शिट्टी वाजवली, आणि नात आहे म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून रोजच्यापेक्षा जोरात वाजवली. तिला वाटलं, आजोबांनी आनंदाने वाजवली. दोन्ही हात पसरून ती माझ्याकडे धावत आली. आणि मी, ताई, तिला उचलायचं सोडून ऑफसाइडचा हात वर करून उभा राहिलो. फार वाईट वाटलं. तरी हात खाली घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी दाढ भरली आणि वर सांगितलं की या वयाच्या मुलांना ऑफसाइड नसतोच. इतके दिवस का बोलला नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही टेपने मोजत होतात, मला वाटलं काहीतरी नवीन निघालं असेल.

एकट्या चिमणीचा गोल परत दिला तर पुन्हा पक्षपात. म्हणून मैदानात सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं की ज्याचे त्याचे गोल ज्याने त्याने सांगावेत, सगळे मान्य. एका पोराने सतरा सांगितले. एका पोरीने आपल्या घरी असलेल्या तान्ह्या भावाचेही दोन मांडले. चिमणीने तेवढा एकही सांगितला नाही. घरी सुनेने विचारलं तेव्हा म्हणाली, मला गोल नको, पंचकाकांनी तेव्हा उचलायला हवं होतं. यावर कोणता नियम लावायचा ते मला न्हाव्याने शिकवलेलं नाही.

भावोजींना नमस्कार सांग (आता मोठ्याने सांगायची गरज नाही). तुझा

धाकटा

ता. क. : खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. येत्या रविवारी तू ये आणि शिट्टी हातात घे. लहानपणी कुणी सुरुवात केली हे न विचारता तू भांडणाऱ्या दोघांनाही सारखाच धपाटा घालायचीस, इथे तेवढा न्याय पुरे आहे. पंचाला टाळी वाजवता येत नाही, कुणाला उचलून घेता येत नाही. मला एकदा रेषेबाहेर नुसता आजोबा म्हणून उभं राहायचं आहे.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवत होतो तर चिमणी स्वतःहून आली, 'आजोबा' म्हणाली आणि मांडीवर बसली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं की या रविवारी तिला गोलकीपर केलं आहे, आणि न्हाव्याचा तो नियम एवढ्या एका सामन्यापुरता पुन्हा चालू करता येईल का, फक्त समोरच्यांसाठी, एवढंच तिला विचारायचं होतं. पंच म्हणून मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. अजून म्हटलेलं नाही, कारण ती मांडीवरच आहे. तू शनिवारीच ये.