ब्रेक उघडायच्या आधी

प्रिय दादा,

फोनवर तू ओरडलास, मीही ओरडले, म्हणजे ऐकलं कुणीच नाही. म्हणून लिहितेय. बूड टेकव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच कागद भिरकावलास तर वहिनीला सांगून पुन्हा तुझ्या पुढ्यात ठेवायला लावीन.

हो, हॉस्पिटलची लिफ्ट मीच बंद केली. कुलूप माझं, सही माझी. तू बाहेरगावी होतास, तुला विचारलं नाही, हेही खरं. तुझं म्हणणं, तुझ्या पाठीमागे मी माणसं फितवली. फितवली? अरे, मी फक्त बोलायचा क्रम उलटा केला! आपल्या वर्कशॉपात सोमवारी सगळे टेबलाभोवती जमतात, पहिला तू बोलतोस आणि मग जो तो मान डोलावतो. बाबांच्या वेळीही हेच. बाबा ‘चालेल’ म्हणाले की विषय संपला. या सोमवारी तू म्हणालास, लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबते ती दोर ताणला गेल्यामुळे, ब्रेकला काही झालेलं नाही. सगळे हो म्हणाले.

तू गेल्यावर मी सगळ्यांना परत बसवलं. म्हटलं, आज सगळ्यांत नवा माणूस आधी बोलेल, जुने मागून, आणि मी अगदी शेवटी. वायरिंगवाली चाचरत म्हणाली, ब्रेक घसरतोय असं वाटतं. मग तुझा लाडका फिटर तेच म्हणाला. आणि बाबांसमोर ज्यांनी कधी ब्र काढला नाही ते फोरमनकाका म्हणाले, मलाही पहिल्यापासून तेच वाटतंय, पण बाकीच्यांना पटलंय म्हटल्यावर मी कशाला मोडता घालू? दादा, असा संताप आला म्हणून सांगू! प्रत्येकाला वाटत होतं, शंका आपल्या एकट्यालाच आहे. त्या लिफ्टमधून स्ट्रेचर जातात रे.

हे खूळ कुठून आलं ते तुला माहीत आहे. त्या निवृत्त बाईंच्या शनिवारच्या वर्गातून, जिथे चारजणांनी मिळून नीट विचार कसा करायचा ते शिकवतात. तू त्यांना डोक्यांची मेकॅनिक म्हणतोस. म्हण बापडा. लिफ्ट दुरुस्त करणं आपण आईच्या पोटातून शिकून आलो होतो का? मग विचार करणं शिकायला कसली लाज? मी जाणार. आता फोरमनकाकाही येणार आहेत. हवं तर त्यांनाही हस.

तू बजावलंस, ब्रेक धड निघाला तर वर्कशॉपची पायरी चढायची नाही. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस उद्या सकाळी ब्रेक उघडणार आहे. आत काय निघेल, मला ठाऊक नाही. म्हणूनच हे आज लिहितेय, निकाल बघून शहाणपण सुचलं असं उद्या तू म्हणायला नको. ब्रेक खराब निघाला तर मी तोरा मिरवणार नाही. धड निघाला तर तुझा अंदाज खरा होता, हे सगळ्यांदेखत सांगेन. पण माफी? मुळीच नाही. एवढ्या जणांच्या मनात शंका असताना लिफ्ट बंद करणंच बरोबर होतं, उद्या आत काहीही निघो. आणि पायरीचं म्हणशील, तर बाबांनी वर्कशॉप आपल्या दोघांच्या नावावर केलंय. सोमवारी मी येणार. तूही ये, हवं तेवढं बोल. फक्त सगळ्यांत शेवटी.

कितीही ओरडलास तरी तुझीच,
धाकटी