सरावाचा ठराव

३ मार्च

आजपासून मी नेता! गावातल्या चाळीस जणांचं नेतृत्व विकास शिबिर. चार दिवसांचं. मला शिवणकाम शिकायला दोन वर्षं लागली, पण नेते काय, चार दिवसांत तयार! प्रशिक्षकांनी विचारलं, "तुमच्यात कोणती शक्ती दडली आहे?" म्हटलं, काजं-बटणं. टाळ्या!

४ मार्च

डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडलो. याला म्हणे विश्वास म्हणतात. माझ्या वाट्याला वाणी आला. खांदा ठणकतोय.

घरी सांगितलं तर धाकटी जाऊ पोट धरून हसली. म्हटलं, सातवा चालू आहे, बेताने हस! तिलाही यायचं होतं शिबिराला. पण फॉर्मवर "लोकांसमोर बोलता का?" असा प्रश्न होता, आणि बिचारीने खरं ते लिहिलं — नाही. झाली बाद! ज्यांना बोलता येतं त्यांनाच इथे बोलायला शिकवतात.

५ मार्च

आज ठराव कसा लिहायचा ते. "सरावच आहे, विषय कोणताही घ्या," प्रशिक्षक म्हणाले. कचेरीतले कारकून मागे बसले होते, त्यांनी झटकन विषय दिला — गावचा दवाखाना मोठ्या रस्त्यावर हलवावा. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मी. काय झोकात लिहिला! "सर्वानुमते", "जनहितार्थ" — सगळं घातलं. चाळिसांनी हसत सह्या ठोकल्या. कारकुनांनी कागद जपून फायलीत ठेवला. किती ते कौतुक!

६ मार्च

प्रमाणपत्र मिळालं. नाव चुकलंय.

२९ मार्च

नर्सताई खोकी बांधताहेत. दवाखाना चालला मोठ्या रस्त्यावर — इथून चालत दोन तास! कारकून म्हणतात, "गावानेच ठराव दिला ना?"

चाळीस नेते, एकाचीही मान वर होईना. माझीही नाही. दवाखाना नव्हता तेव्हा धाकटीचं पहिलं बाळ वाटेतच गेलं. हे ठाऊक असून मी "जनहितार्थ" लिहिलं. लाज वाटते स्वतःची.

३० मार्च

दवाखाना जाऊ नये म्हणून धाकटी घरोघर फिरतेय. बोलत नाहीच फारशी. पोटावर हात ठेवून दारात उभी राहते, माणसं मुकाट चपला घालून बाहेर येतात.

मला म्हणाली, "ताई, अर्ज तुम्ही लिहा. तो ठराव कोणत्या मेल्याने लिहिला कोण जाणे!"

३१ मार्च

सगळ्यांसमोर अर्ज वाचला. पहिलं वाक्य — "तो ठराव मी लिहिला."

धाकटीने कागद माझ्या हातातून घेतला, पहिली सही केली, पुढे दिला. माझ्याशी अजून बोललेली नाही.