अकराव्या मजल्यावरचा पाला

विक्रोळी,
रविवार दुपार

तीर्थरूप शिवदासमामांना किरणचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि ती लाथा मारणारी शेळी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. बिघडलं असतं तर तुमचा फोन आला असता, बरं असताना तुम्ही कुठे करता? पाकीट बघून दचकला असाल तर आधी सांगते, कोणी गेलेलं नाही. फोनवरच बोलले असते, पण नवीन घर म्हणजे एक खोली आणि किचन, आणि तुमच्या अक्काचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, आमच्या आत्याबाईंचे, कान असे की शेजारच्यांचा कुकर लागला तर डाळ की भात ते त्या इथून सांगतात. त्यांना वाचता तेवढं येत नाही, म्हणून पत्र. (माझी शाळा चौथीत सुटली. काना-मात्रा चुकला तर समजून घ्या, तुम्ही पण काही मास्तर नाही.)

तर बातमी अशी की आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग बिघडला आहे. उजवा चांगला आहे आणि तो मी चांगलाच ठेवणार आहे, तुम्ही रडारड करू नका. पण हे कळलं कसं ते ऐका.

झोपडी पाडून बिल्डिंग झाली, आम्ही अकराव्या मजल्यावर आलो. चावी मिळाल्यावर आठवडा गेला नाही तोच आत्याबाई म्हणायला लागल्या की लादी वाकडी बसवली आहे, रेघा सापासारख्या चालल्यात. मला तर सरळ दिसत होत्या. पण बाईने अर्धा जन्म रस्त्याच्या कामावर घालवलेला, मला वाटलं हिची नजर मोठी, माझीच कच्ची. (तुमचा भाचा म्हणाला, वाकडी तर वाकडी, झोपायचंच आहे ना तिच्यावर. या माणसाला उभ्या आयुष्यात कशाचं काही वाटलेलं नाही.) मग मी बिल्डरच्या सुपरवायझरला धरला. हर्षद नाव, पोरगा गरीब, पण मी काय सोडते? खाली सगळ्या बायकांसमोर त्याची अशी काढली की त्याने गुपचूप माणसं पाठवून लादी उखडली, नवी बसवली. दोन दिवस आम्ही सिमेंटच्या धुरळ्यात जेवलो. आत्याबाई नव्या लादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मेल्यांनी परत वाकडीच घातली."

मी परत खाली. हर्षद या वेळेला दोरी घेऊन आला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली आणि हात जोडून म्हणाला, "आजी, आता तुम्हीच सांगा."

आत्याबाईंनी बघितलं आणि त्यालाच झापलं, "दोरीपण वाकडीच मिळाली होय रे तुला?"

मामा, ताणलेली दोरी वाकडी कशी असेल? तिथे माझं डोकं चाललं. मी मागून जाऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. म्हणतात, "आता सरळ केलीस बघ." हर्षदने माझ्याकडे बघितलं, मी हर्षदकडे. मग मी त्याला चहा पाजला. माफी वगैरे मागितली नाही, पण चहात आलं घातलं.

डॉक्टरीणबाईने चौकडीचा कागद दाखवला, डोळ्यात थेंब घालून आत बघितलं. म्हणाली, वयाने डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. डाव्याला इंजेक्शनं सुरू केलीत, पुढचं नुकसान थांबवायला. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मी सरळ विचारलं, खायला काय घालू? म्हणाली, हिरवा पाला, मासे, अंडी. त्याने काही नवा डोळा उगवत नाही, पण आहे तो टिकायला मदत होते. आणि तंबाखू एकदम बंद. ही शेवटची गोष्ट आत्याबाईंना नेमकी ऐकू आली नाही. शेजारचा कुकर ऐकू येतो!

घरी आल्यावर बिल्डिंगभर झालं. जो येतो तो गाजर घेऊन. मी म्हटलं, बायांनो, ससा नाही पाळलेला, पाला आणा पाला. तर आत्याबाई कडाडल्या, "बहात्तरच्या दुष्काळात तांदुळजा आणि घोळ खाऊन माझी जीभ हिरवी पडली होती. पोरं घेऊन मुंबईला आले ती पाला सुटावा म्हणून. आता लिफ्टने वर येऊन परत पालाच खाऊ?" यावर माणूस काय बोलणार? मी बोलले. म्हटलं, तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्लात, आता डोळ्यासाठी खायचा. तेव्हा तेल नव्हतं, आता लसणीची फोडणी आहे. पण त्यांचं नाही म्हणजे नाही.

मग मी लपवाछपवी सुरू केली. शेवग्याचा पाला भाकरीत मळला, तर म्हणाल्या पिठाला बुरशी आली. पालक डाळीत घोटला, तर डाळीला शेवाळ. बांगडा आवडीने खातात, पण मधला तुकडा तुमच्या भाच्याच्या ताटात सरकवतात. (तो खातो. आईच्या डोळ्याचा बांगडा!) शेवटी एक दिवस चाकवत केला आणि वाटी लख्ख पुसलेली सापडली. दुसऱ्या दिवशी मेथी, वाटी लख्ख. मला वाटलं जिंकले, पंधरवडाभर मी बिल्डिंगमध्ये ताठ मानेने फिरले. मग खाली वॉचमन भेटला. म्हणतो, "काकी, आजी रोज डबा देतात, काय झकास भाजी असते!" मामा, त्या वॉचमनचे डोळे आता इतके तेज झालेत की आमची रिक्षा सिग्नलला असते तेव्हाच तो गेट उघडतो.

पण मी हरणारी नाही. आता मी समोर बसते आणि वाटी संपेपर्यंत उठत नाही. त्या माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. होईल सगळं ठीक, मी आहे ना. मामींना जयभीम, शेळीला दोन रट्टे.

तुमची सून,
किरण

ता. क. : गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत तुम्ही मिश्री पाठवता ते मला माहीत आहे. परवा शेंगदाण्याच्या पिशवीत निघाली. प्रेमाने पाठवता, कबूल. पण तंबाखू भाजून दात घासायचा की डोळा राखायचा, एकच होईल. यापुढे एक चिमूट आली तर तुमच्याच तोंडाला फासायला मी गावी येईन.

आणखी एक : वर समोर बसते लिहिलं ते खरं आहे, पण त्या वाटीला हात लावत नाहीत, तेही खरं आहे. काल मी चिडून विचारलं, तुमचं म्हणणं तरी काय आहे? तर म्हणाल्या, "किरण, चांगला डोळा झाकला की तुझं तोंड दिसत नाही. कान दिसतात, केस दिसतात, मध्ये नुसता धूर. दुसरापण तसा झाला तर शिवदासचं तोंड राहूनच जाईल." म्हणाल्या, तो समोर येऊन बसला तर पालाही खाईन, मिश्रीही सोडेन.

तेव्हा मामा, ते आज-उद्या बंद करा आणि या. लिफ्टला घाबरता म्हणून चावी मिळाल्यापासून टाळताय, गुडघ्याचं नाव सांगू नका. मी बटण दाबेन, तुम्ही डोळे मिटून उभे राहा. भाजी आणू नका, इथे मंडईत ढीग पडलाय. दाढी तेवढी करून या, तुमच्या अक्काला तोंड नीट बघायचं आहे.