पेरीनबाईंच्या मोटारीचं इंजिन

पांडेसरा, सुरत
डिसेंबर १९९८

प्रिय ताई,

दिवाळीला येते म्हणाले आणि आले नाही. दादाला दोन ओळींचं कार्ड टाकलं, काम अडलंय म्हणून. तुला मात्र सगळं सांगायचं होतं, आणि ते कार्डावर मावलं नसतं. शिवाय कार्ड आधी वहिनी वाचते. आमच्या शेजारच्या उषाबाई अमळनेरला माहेरी निघाल्यात, त्यांच्या हाती हे पाकीट देते आहे. दुपारची भांडी आवरून तू मागच्या दारी बसतेस ना, तेव्हा सावकाश वाच.

हे गेले तेव्हा दादा इथे येऊन म्हणाला होता, लेथ विकून टाक, खोली सोड, घरी चल, दोघी बहिणी सोबतीनं राहाल. मी मान हलवली. त्या दिवसांत मी कशालाही मान हलवली असती. लग्नानंतर इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी उभी राहून लेथ चालवला, बोअर मारले, आटे पाडले, पण पाटी ह्यांच्या नावाची आणि गिऱ्हाईक ह्यांच्या ओळखीचं. ते गेल्यावर कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांच्या मशिनींचे शाफ्ट माझ्याकडे येईनासे झाले. कुणी वाकडं बोललं नाही, नुसते येईनासे झाले. मी रोज शटर उघडायचे, मशिनला तेल द्यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. दादानं लेथसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती, मीही भांडीकुंडी बांधायला काढली होती.

अशात पावसाळा सरता सरता बन्सीलालभाऊ आले. ते उधन्याचे गॅरेजवाले, धुळ्याकडचे, ह्यांचे जुने मित्र. दारातूनच म्हणाले, “मंदा, एक काम शे. पण हाई तुनाघाई व्हई का नही, माले माहीत नही.” तुझ्याकडून होईल की नाही माहीत नाही, असं तोंडावर म्हणणारा माणूस मला त्या दिवशी फार बरा वाटला. बाकी सगळे ‘तुला कशाला त्रास’ म्हणत होते.

काम होतं नानपुऱ्याच्या पेरीनबाईंच्या मोटारीचं. पेरीनबाई पारशीण, सत्तरी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. लग्न केलं नाही. तिच्या बापानं तिला तरुणपणी विलायतेची एमजी गाडी घेऊन दिली होती, दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, पुढच्या चाकांवर घोड्याच्या मानेसारखे बाक असलेली. बाई साडी नेसून ती चालवायची तेव्हा चौकात माणसं थांबायची म्हणे. मग इंजिनाचा ब्लॉक तडकला, सुटे भाग मिळेनात, आणि गाडी कित्येक वर्षं अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. आता तिचा पुतण्या मुंबईचा एक शौकीन घेऊन आला होता. तो म्हणाला, तडकलेलं असलं तरी मूळ इंजिन तसंच ठेवा, मी काचेमागे मांडेन. बाईनं दोघांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आम्हांला म्हणाली, “मारे मोटर चलाववी छे, जोवी नथी.” मला चालवायचीय, बघायची नाही.

बन्सीलालभाऊंनी कडोदऱ्याच्या भंगारातून मागून ठोकर खाल्लेल्या जिप्सी जीपचं इंजिन आणलं. जवळजवळ नवंच, हलकं, आणि आवाजही गोड. जिप्सीचा गिअरबॉक्सही मिळत होता, तोच बसवला असता तर सगळं सोपं होतं. पण पेरीनबाई अडून बसली. गिअरचा दांडा तिला तिचाच हवा होता, त्याची मूठ हाताला ओळखीची झालेली. म्हणजे जपानी बांधणीचं नवं इंजिन आणि विलायतेचा जुना गिअरबॉक्स, दोघांची भोकं वेगळी, तोंडं वेगळी, आणि मध्ये त्यांना जोडणारी जाड ॲल्युमिनियमची प्लेट. ती प्लेट माझं काम. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत आले पाहिजेत, केसाएवढाही फरक चालत नाही.

ताई, किती दिवसांनी माझ्या हाताखाली मशिन फिरलं! प्लेट लेथच्या फेसप्लेटवर बांधली, मधलं भोक बोअर केलं, बाकीची भोकं मारली. चकचकीत निघाली. बन्सीलालभाऊंनी इंजिन जोडून गाडीत उतरवलं, इंजिन टेकायची फाउंडेशनं नवी केली, सायलेन्सरचा पाइप आणि स्टिअरिंगचा रॉड एकाच जागेसाठी भांडत होते त्यांची समजूत काढली. गाडी सुरू झाली तेव्हा गॅरेजमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण क्लच सोडला आणि गाडी अशी थरथरली की आरसा गळून पडला. गिअरबॉक्स रडतो तसा आवाज. पेरीनबाई बाजूला खुर्चीवर बसली होती. ती उठली. आरसा उचलून पदरानं पुसला आणि घरी गेली.

चूक माझ्या प्लेटची होती. मी बोल्टच्या भोकांवरून माप घेतलं होतं, आणि गाडी चालते ती मधल्या दांड्यावर. त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं, लेथला गिऱ्हाईक मिळालंय, येऊन घेऊन जाईल. तुझ्याबद्दलची शेवटची ओळ नेहमीसारखीच, ‘पार्वती बरी आहे.’ मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले. बरी म्हणजे कशी? सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरते, सगळ्यांच्या मागून जेवते, आणि कुणी काही विचारलं तर हसते, तशी बरी? भाऊजींनी तुला आणून सोडलं तेव्हा मी परकर घालत होते. तेव्हापासून त्या घरात तुझी वळकटी पाहुण्यांच्या अंथरुणांखाली असते, आणि पाहुणे आले की तू ती घेऊन ओट्यावर जातेस. दादा वाईट नाही. त्याला ते दिसतच नाही. आणि मी त्याच घरात माझी वळकटी न्यायला निघाले होते.

मला चार वर्षांपूर्वीचं प्लेगचं वर्ष आठवलं. सगळी सुरत पळाली, तसे आम्हीही तिकडे आलो होतो. दादानं आम्हांला गोठ्यात उतरवलं. त्याचंही खरं होतं, घरात लहान पोरं होती. आमच्यासाठी ताट उंबऱ्यापाशी ठेवून सगळे मागे सरायचे. तू मात्र तुझी गोधडी घेऊन गोठ्यात आलीस, माझ्याच ताटात जेवलीस. ह्यांनी नको नको म्हटलं, तर म्हणालीस, “मला कोण विचारतंय मी कुठे निजले ते.” आम्ही तिघंही हसलो होतो. ह्यांनी नंतर इथे आल्यावर मला सांगितलं, तुझी बहीण हसण्यावारी बोलली, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

दादाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लेथच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. मग गॅरेजमध्ये जाऊन बन्सीलालभाऊंना म्हटलं, गाडी उघडा. ते कुरकुरले, पण इंजिन परत बाहेर काढलं. या वेळी मी प्लेट आधी इंजिनलाच बांधली, इंजिनामागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, डायल गेज लावलं आणि हातानं हळूहळू फिरवत काटा कुठे सरकतो ते बघत राहिले. फरक दिसला तेव्हा मला रडूच आलं, आनंदानं. चूक दिसली म्हणजे ती काढता येते. नवी प्लेट केली. ती बसवली तेव्हा गिअरबॉक्स आपल्या जागी असा सरकला, जसं पेटीचं झाकण लागावं.

पेरीनबाईनं पहिल्या फेरीला मलाच शेजारी बसवलं. पुतण्या आला होता, त्याला म्हणाली, सीटा दोनच आहेत. बन्सीलालभाऊ मागून स्कूटरवर. अठवा लाइन्सला तिनं दोनदा गाडी बंद पाडली, मागच्या रिक्षावाल्यांना पारशी शिव्या दिल्या. मग समुद्राकडे जाणारा डुमसचा रस्ता मोकळा लागला आणि तिनं गाडी भरधाव सोडली. ताई, वारा तोंडात शिरत होता, पदर डोक्यावर राहीना, मी तो कमरेला खोचून टाकला. बाई मोठ्यानं काहीतरी सांगत होती, मला एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी मी हो हो करत हसत होते. डुमसला आम्ही गाडीतच बसून टोमॅटोची भजी खाल्ली. तिनं माझ्या हातावरची जळकी खूण बघितली आणि विचारलं, कुणाकडून शिकलीस? मी म्हटलं, नवऱ्याकडून. ती म्हणाली, “सरस माणस हशे.” चांगला माणूस असणार. हे गेल्यावर त्यांच्याबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच रडले नाही.

ती गाडी आता नानपुऱ्यात रोज दिसते. बघणारे विचारतात, जोडकाम कुणी केलं? डाइंगवाल्यांपर्यंतही गोष्ट पोचली. गेल्या महिन्यापासून त्यांचे शाफ्ट परत येतायत, आता माझ्या नावानं. पुरेल इतकं काम आहे, ताई. एकटीला पुरून उरेल इतकं.

म्हणून हे पत्र. मी तिकडे येत नाही, तू इकडे ये. इथे मी काय करू, असं विचारशील. आधी काही करू नकोस. उशिरा ऊठ, गरम असताना जेव. पुढे वाटलं तर मशिनवर ये, नाहीतर येऊ नकोस. खोली लहान आहे, पण तिच्यात तुझी जागा कुणी आलं म्हणून हलणार नाही. दादाला विचारू नकोस, सांग. त्याला मी वेगळं लिहिते आहे, भांडायचं काही कारण नाही. उषाबाई संक्रांतीनंतर परततील, त्यांच्याबरोबर पॅसेंजरमध्ये बस आणि उधन्यालाच उतर, सुरत स्टेशनला फार गर्दी असते. मी कामावरून तशीच येईन. फलाटावर साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, हाताला ग्रीस लागलेली बाई दिसली तर बिचकू नकोस. ती मीच.

तुझीच,
मंदा