रंगाखालची तारीख

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे मात्र तू पसंत केलेलं कागद कापायचं मशीन रुसून बसलंय. शाळेच्या दोन हजार वह्या अशा तिरक्या कापल्या की पोरांना मान वाकडी करूनच लिहावं लागलं असतं. शाळेने ऑर्डर काढून घेतली. आणखी एक गेली तर माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला कुलूपच. मशीन तीन वर्षं वापरलेलं आहे असं करारात स्वच्छ लिहिलंय, पण व्यापारी म्हणतो, मलाच ते चालवता येत नाही. शेवटी एका वकीलबाईंना गाठलंय. रडू येतं आणि त्याहून जास्त राग येतो.

उत्तरात उपदेश थोडा आणि माया भरपूर असू दे.

तुझी,
चिंगी

९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

चूक माझी. पंचवीस वर्षं मिस्त्रीकाम करून मी चकचकीत रंगाला भुललो. वहिनी म्हणते, चष्मा लावून गेलो असतो तर ही वेळ आली नसती. मला अजून चष्मा लागत नाही, हे तिला कोण सांगणार!

तुला मशीन कळत नाही म्हणे! बाबांच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट आवळायचे पाने ओळखायला तू माझ्याआधी शिकलीस. आता एकच कर. वकीलबाईंसमोर खालचं झाकण उघड. घेताना मीच उघडणार होतो, पण व्यापाऱ्याने चहा मागवला आणि मी बसलो. जुनी झीज तिथे लपत नाही.

रागाव हवी तेवढी, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झाकण उघडलं. आतल्या बाजूला एकतीस वर्षांपूर्वीची तारीख ठोकलेली आहे, आणि खाली इवलासा चष्मा. आपल्या बाबांची खूण! प्रत्येक दुरुस्तीनंतर ते ती ठोकायचे, आणि आई म्हणायची, हा माणूस एक दिवस माझ्या कपाळावरही तारीख ठोकेल. वकीलबाईंसमोर मी हसता हसता रडले. बाबांची कामाची वही शोध आणि कोर्टात साक्षीला ये.

वाट पाहते.

तुझी,
चिंगी

१८ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा निकाल लागला, आपल्या बाजूने! तू आणलेल्या वहीतला मशीनचा नंबर, रंग खरवडल्यावर खाली दिसलेल्या नंबराशी जुळलाच होता. पुढे व्यापाऱ्याच्याच रंगाऱ्याने कबूल केलं की मशीनच्या वर्षाची जुनी पाटी काढून नवी ठोकायला मालकानेच त्याला सांगितलं होतं. न्यायाधीश म्हणाले, ही उघड फसवणूक आहे. बुडालेल्या ऑर्डरची भरपाई मिळणारच. शिवाय मशीन परत करून पूर्ण किंमत घ्यायची, की मशीन ठेवून किमतीतला फरक घ्यायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. वकीलबाई म्हणाल्या, परत करून टाका.

मी ठेवून घेतलं. त्या दुरुस्तीच्या वेळी बाबांच्या हातात पाने मीच दिले असणार, दादा. ते परत कसं करू? भरपाईत नवं पातं येईल, आणि शाळेने पुन्हा विचारलंय.

तेव्हा हत्यारं घेऊन ये, मशीन नीट कर आणि बाबांच्या तारखेखाली तुझी तारीख ठोक. वहिनीलाही आण, माया आहे तशीच असू दे. आणि या खेपेला चष्मा लावून ये.

तुझी,
चिंगी